गावाकडून शहरात गेलेल्यांचं जेवणखाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागातली पोरंपोरी नागपूर, पुणे, मुंबईची वाट धरतात. कोणी शिकायला जातं, कोणी कामाला. त्यांची खोली ठरते, फी भरली जाते, गादी-बादली घेतली जाते, पण जेवायचं काय हा प्रश्न पहिल्या आठवड्यापर्यंत कोणाच्या डोक्यातच नसतो. मग फोन सुरू होतात. मी बरीच वर्षं नागपुरात राहून पुन्हा गावी आले, म्हणून हे फोन माझ्याकडेही वळतात. आयांचे असतात, पोरांचे असतात, आता तर आज्यांचेही येतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

मेसचं जेवण पोराले चालत नाही. रोज फोनवर तेच रडगाणं. मेस बदलावी का सगळं रूमवरच कराले सांगावं?

दोन्हीच्या मधला रस्ता धरा: एक वेळ मेस, एक वेळ रूमवर. दोन्ही वेळ मेस लावली की महिन्याभरात तोंडाची चव जाते, कारण मोठ्या पातेल्यातला रस्सा आणि घाईत लाटलेली पोळी यांची चव रोज एकच लागते. दोन्ही वेळ स्वतः करायचं म्हटलं तर कॉलेज, क्लास, प्रवास यांत जमत नाही, आणि आठ दिवसांत पोरगा बिस्किटांवर येतो. सकाळी घाई असते तेव्हा मेसचा डब्बा घ्यावा. रात्री रूमवर साधं काहीतरी गरम करून खावं. रात्रीचं जेवण स्वतःच्या हातचं असलं की दिवस ठीक गेल्यासारखा वाटतो, हे मी शहरात राहिलेल्या कितीतरी पोरांकडून ऐकलं आहे.

मेस ठरवताना आधी पैसे भरू नका. दोन-तीन दिवस रोजच्या दराने जेवून पाहा. दुपारी बाराच्या सुमारास जा आणि स्वयंपाकघर बघू द्या म्हणा. ज्या बाईला आपल्या कामाचा अभिमान आहे ती आनंदानं दाखवते. मेसचालक स्वतः आणि त्याचं घरचं माणूस तिथेच जेवतं का, हेही विचारा. तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मागत असतील तर दुसरी मेस शोधा. अन्न देणाऱ्या प्रत्येकाकडे, घरगुती डब्बेवाल्यांकडेही, अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक असतो. तो विचारायला लाजू नका.

रूमवर कमीत कमी काय सामान असावं?

तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, एक जाड बुडाची कढई, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, परात, चाकू, मिठा-मिरचीचा डबा. एवढ्यावर एका माणसाचा संसार चालतो. पाच लिटरचा कुकर घरून देऊ नका. एकट्यासाठी त्यात वरण-भात लावला की तो तळालाच राहतो आणि करपतो.

गॅसचं मात्र नीट ऐका. ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडियन ऑइलचा 'छोटू' म्हणून जो आहे तो हाच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे. गल्लीबोळात मोठ्या सिलेंडरमधून छोट्या टाकीत गॅस भरून देणारी दुकानं असतात, त्यांच्याकडे चुकूनही जायचं नाही. त्या टाक्यांना धड झडप नसते आणि भरताना गळती होते. चार पैसे वाचतात म्हणून पोरं ते घेतात, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. वसतिगृहात शेगडी चालत नसेल तर तिथला नियम पाळा, चोरून विजेची शेगडी लावू नका.

मला स्वयंपाकातलं काहीच येत नाही. सगळ्यात आधी काय शिकू?

चून शीक, म्हणजे पिठलं. तुझ्या आजोबांनी शेतात खाल्लं ते हेच, आणि वीस मिनिटांत होतं.

कढईत दोन चमचे फल्ली (शेंगदाणा) तेल तापव. मोहरी तडतडली की जिरं टाक, मग ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या. लसूण लालसर होऊ दे, काळा नको. उभा चिरलेला एक कांदा आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या घाल. कांदा मऊ झाला की हळद, आणि तिखट हवं तेवढं. आता अडीच वाट्या पाणी आणि मीठ घालून खळखळ उकळी येऊ दे. तोवर दुसऱ्या भांड्यात एक वाटी बेसन अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून ठेव. आधी थोडंच पाणी घालायचं, बोटांनी गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी. हे कालवलेलं बेसन उकळत्या पाण्यात एका हातानं धार धरून सोडायचं आणि दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. इथेच थांबलास तर गाठी होतात. घट्ट व्हायला लागलं की आच मंद कर, झाकण ठेव आणि सात-आठ मिनिटं शिजू दे. मधेमधे बुडापासून हलव. बेसनाचा कच्चा वास गेला आणि कडेला तेल दिसू लागलं की झालं. वरून सांबार (कोथिंबीर) चिरून टाक. फार घट्ट वाटलं तर गरम पाणी घाल, थंड नको.

भाकर नसेल तर भाताशी खा, पोळीशी खा. सोबत कच्चा कांदा बुक्की मारून फोडायचा.

चून जमलं की फोडणीचं वरण, मग खिचडी, मग आलू-वांगं. महिनाभरात एवढं येतं. तूर डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली, त्यात हळद आणि तेलाचा थेंब टाकला, की शहरातल्या पाण्यातही नीट गळते.

पोराले कायले स्वयंपाक शिकवावा? लग्न झालं की सून येईलच न?

हा प्रश्न आला की मी जरा आवाज चढवूनच बोलते. भूक त्याला लागते, तर चूलही त्याला पेटवता आली पाहिजे. सून येईल तीही कदाचित त्याच शहरात नोकरी करत असेल, त्याच गर्दीच्या बसनं घरी येत असेल. दहावीची परीक्षा संपली की दोन महिने सुट्टी असते. त्या सुट्टीत पोराला रोज एक वेळ चुलीपाशी बसवा. पोळ्या वाकड्यातिकड्या होतील, होऊ द्या. आमच्या भागात पंगतीचा स्वयंपाक गडीमाणसंच करतात, मोठ्या कढयांतली वांग्याची भाजी पुरुषच ढवळतात. रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, भाजायला तर सगळे गडीच पुढे असतात. मग घरच्या कढईशीच काय अडचण आहे?

ज्वारीची भाकर शहरात कशी जमवावी? पीठ पाठवते तर म्हणतो, थापताना फाटते.

पीठ जुनं झालं की भाकर फाटते. ज्वारीचं पीठ दळल्यावर पंधरा-वीस दिवसांत चिकटपणा सोडतं आणि पुढे कडवट लागतं. म्हणून पीठ पाठवायचं तर दोन किलोच पाठवा, किंवा ज्वारी निवडून पाठवा आणि तिथल्या गिरणीवर दळायला लावा. मोहल्ल्यात गिरणी असतेच. थोडं धान्य दळून देतात का, हे आधी विचारून घ्यावं. जुनं पीठ फेकू नका. पाणी उकळून ते पिठावर ओता, झाकून ठेवा, हाताला सोसवलं की मळा. उकड काढलेल्या पिठाची भाकर लाटतासुद्धा येते.

थापायला जमतच नसेल तर विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. पुण्यात जागोजागी पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथे भाकरी मिळते. भाजी रूमवर करा आणि दोन भाकरी विकत आणा, जेवण घरचंच झालं.

यष्टीनं डब्बा पाठवते. काय पाठवावं, काय नाही? बांधावं कसं?

आई जे पाठवते त्यातलं निम्मं वाटेत खराब होतं, आणि दुसऱ्या टोकाला पोरगं ते सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आर्वीहून नागपूरला डब्बा दोन-तीन तासांत पोहोचतो. सकाळच्या गाडीनं दिला तर भाजी-भाकरही चालते. भाजी कोरडी हवी: भरलेली वांगी, आलूची सुकी भाजी, मेथी, कोरडा झुणका. रस्सा नको, कढी तर मुळीच नको. भाकरी गरम असताना डब्यात बंद केल्या तर वाफेनं ओल्या होतात. आधी टोपल्यात पसरून निवू द्या आणि मग सुती फडक्यात गुंडाळा. डब्यावर पोराचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून चिकटवा. गाडीचा नंबर टिपून पोराला लगेच कळवा, म्हणजे तो स्टँडवर वेळेत हजर राहील. वाहकाला हात जोडून विनंती करतो आपण, त्याला थांबवून ठेवायचं नसतं.

पुण्या-मुंबईचं गणित वेगळं आहे. ट्रॅव्हल्सला रात्रभराहून जास्त वेळ लागतो, महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेसनं कोणी ओळखीचं जात असेल तरी रात्र जातेच. तिथे फक्त कोरडं पाठवा. मुंगवड्या, खारोड्या, कुरड्या, पापड, सरगुंडे, तिखट, हळद, तूर डाळ हे सगळं महिनोनमहिने टिकतं. मुंगवडीची भाजी तर एकट्या माणसाचं वरदान आहे. मूठभर वड्या तेलात परतल्या, कांदा-टमाटर घातलं, पाणी ओतून उकळलं, की बाजारात न जाता भाजी तयार.

जवसाच्या चटणीबद्दल एक नीट सांगते. जवसात तेल भरपूर असतं आणि कुटल्यावर ते लवकर खवट होतं. तीन महिन्यांची चटणी एकदम पाठवली तर अर्धी टाकावी लागते. पंधरा दिवसांपुरतीच कुटून द्या आणि बाकीचं जवस नुसतं भाजून वेगळ्या पुडीत पाठवा. पोराकडे मिक्सर असेल तर तो लसूण, मीठ, तिखट घालून ताजी फिरवून घेईल. तिळाची आणि कऱ्हाळ्याची (कारळ्याची) चटणीही तशीच.

ठेचा पाठवायचा असेल तर मिरच्या तेलावर चांगल्या परतून घ्या, पाणी लागू देऊ नका, त्यात सांबार टाकू नका. पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या डब्यात भरा आणि वरून चमचाभर तेल सोडा. काचेची बरणी टाळा. हिवाळ्यात तो प्रवास सोसतो, उन्हाळ्यात भरवसा धरू नका.

आणि संत्री! आमच्या कारंजा-आष्टी-वरूड पट्ट्यात घरोघरी असतात, तरी पाठवायचं कोणाला सुचत नाही. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. खोक्याला भोकं पाडा, तळाशी तनीस (भाताचा पेंढा) घाला, देठाला इजा झालेलं फळ त्यात ठेवू नका. वसतिगृहात एक खोकं पोहोचलं की सगळ्या मजल्याशी ओळख होते.

सगळंच घरून न्यावं का? तिथेही सारं मिळतेच न?

मिळतं. मीठ, तेल, साखर, भाज्या तिथेच घ्या, उगाच ओझं वाहू नका. पण काही वस्तू आपल्याकडच्याच चांगल्या असतात आणि त्या नेण्यासारख्या आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची, दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. चिमूटभर हळदीनं वरणाचा रंग आणि वास दोन्ही बदलतो. आपल्या शेतातली तूर असेल तर डाळ जरूर न्या.

तांदळाच्या दुकानात एचएमटी मागाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात लोंब्या निवडून निवडून तयार केलं. त्या काळी मनगटी घड्याळांमुळे प्रसिद्ध असलेलं नाव त्याला मिळालं. २०१८ मध्ये ते गेले. आज देशभरात लोक हा तांदूळ खातात आणि तो आपल्या पूर्व विदर्भातल्या एका अल्पभूधारक शेतकऱ्यानं दिला आहे. शहरातल्या मित्राला भात वाढताना हे जरूर सांगा.

नागपुरात नवीन आहे. मोहल्ल्यातलं खाणं कुठून सुरू करू?

सकाळच्या तर्री-पोह्यापासून. पोहे साधेच असतात, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात, वरून कांदा, शेव, लिंबू. कस्तुरचंद पार्कच्या बाजूची गर्दी प्रसिद्ध आहे, पण तुझ्या खोलीपासून पायी जाता येईल असा ठेला शोध आणि त्याचा रोजचा गिऱ्हाईक हो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो न विचारता तर्री कमी-जास्त करतो. शहरात तुला ओळखणारं पहिलं माणूस बऱ्याचदा हेच असतं.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, आलूबोंडा तर्रीत बुडवून मिळतो. पातोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) कुठे चांगला मिळतो हे शेजारच्या किराणावाल्याला विचार, तो बरोबर सांगेल. सणावाराला संत्रा बर्फी घरी घेऊन ये.

लांब पोळी मात्र उभं राहून बघायची गोष्ट आहे. रस्त्याच्या कडेला चूल, चुलीवर उलटं घातलेलं मडकं, आणि बाजूला एक मावशी. कणीक इतकी सैल असते की परातीत तिचा गोळा ठरत नाही. मावशी ती ओल्या हातानं उचलते, या हातावरून त्या हातावर घेते, आणि प्रत्येक झोक्याला ती लांबत जाते, थेट कोपरापर्यंत. मग एका हालचालीत ती मडक्यावर पडते. लाटणं नाही, पोळपाट नाही. क्षणात फुगे येतात, कडा सुटतात आणि घडी घालून पोळी तुझ्या हातात. गरम असताना तिच्याइतकी मऊ दुसरी पोळी नाही, थंड झाली की चिवट होते. म्हणून घरी नेऊन रात्री खायला ठेवू नको. रस्सा डब्यात घेऊन जा आणि तिथेच बसून खा.

सावजीबद्दल सगळे विचारतात. ते हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे नागपूरच्या विणकरांचं घरचं जेवण. महाल, इतवारी, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांत मागावर काम करणाऱ्या घरांतून ते वाढलं, आणि मग घराच्याच पुढच्या खोलीत चार बाकडी टाकून भोजनालयं सुरू झाली. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल वापरत. आता सावजी नावाची पाटी जिकडेतिकडे दिसते, नुसत्या तिखटाला लोक सावजी म्हणतात. चांगल्या सावजीत तिखटाच्या मागे भाजलेल्या मसाल्याची खोल चव असते, ती जिभेवर बराच वेळ राहते. जुन्या मोहल्ल्यातल्या छोट्या जागी जा. पहिल्या वेळी तर्री बाजूला सारून खा, आणि सोबत भाकर घे.

बाजारासाठी आठवडी बाजार धर. नागपूरसारख्या मोठ्या शहरातही ते अजून भरतात, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार त्यातला मोठा. संध्याकाळी उशिरा गेलं तर भाजी स्वस्त मिळते, सकाळी गेलं तर चांगली मिळते. एकट्या माणसानं सकाळी जावं, कारण त्याला थोडीच लागते.

पुण्यात तिखट म्हणून भेटतच नाही. वरणात गूळ टाकतात! काय करावं?

पिशवीत ठेचा ठेवावा आणि गूळ घातलेलं वरण एकदा मन लावून खाऊन पाहावं. त्यांच्या आमटीला गोडा मसाला आणि आंबट-गोड तोल असतो, ती चव वेगळी आहे, वाईट नाही. अळूची पातळ भाजी, काकडीच्या कोशिंबिरीबरोबर साबुदाण्याची खिचडी, सकाळची मिसळ हे आपल्या घरी होत नाही ते तिथे खायचं. आपलं आपल्याकडे आहेच.

महात्मा फुले मंडईत एकदा तरी जा. १८८६ साली बांधलेली दगडी इमारत आहे, आणि तिथे भाजी विकणाऱ्या बायांशी बोललं की कोणती भाजी कशी करतात ते त्याच सांगतात. मी तर म्हणते, नव्या शहरातली पहिली ओळख भाजीवालीशीच करावी.

पुण्यात आपल्या भागातली माणसंही पुष्कळ आहेत. एखादी यवतमाळची किंवा अमरावतीची ताई घरगुती डब्बे देते, असं शेजारून कळतं. चौकशी केली की पत्ता लागतो.

मुंबईत ते डबेवाले घरचं जेवण देतात म्हणे. पोरीले लावून देऊ का?

डबेवाले डबा पोहोचवतात, स्वयंपाक करत नाहीत. महादू हवाजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था आहे आणि त्यातली बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर या पुणे जिल्ह्याच्या भागातली. घरी कोणी रांधणारं असेल किंवा एखाद्या खानावळीशी ठरलं असेल, तर ते डबा ऑफिसात नेऊन देतात आणि रिकामा परत आणतात. पोरगी एकटी राहत असेल तर आधी डबा बनवून देणारी घरगुती जागा शोधावी लागेल.

हातगाडीवरचं खाऊन पोट बिघडते, मग खाऊच नये का?

खावं, पण बघून खावं. जिथे गर्दी आहे तिथे माल शिळा राहत नाही. समोर उकळत्या तेलातून किंवा तव्यावरून थेट ताटलीत आलेलं खा. कापून ठेवलेली फळं, उघडी चटणी, बर्फाचा गोळा हे पावसाळ्यात टाळा. पाणी आपल्या बाटलीतलं प्या. ताटल्या ज्या बादलीत बुडवतात तिचं पाणी गढूळ असेल तर पुढच्या गाडीवर जा.

घरमालक मटण, अंडी काही करू देत नाही. काय करावं?

खोली घेण्याआधी विचारा, नंतर वाद नको. हो म्हणून राहायला गेलात तर शब्द पाळा आणि रविवारी बाहेर जाऊन खा. पण कोणी तुमच्या ताटावरून तुमची जात काढत असेल, नाक मुरडत असेल, तर ती खोली सोडा. पोटभर आणि ताठ मानेनं जेवता आलं पाहिजे. थोडं लांब राहावं लागलं तरी चालेल.

शेजारी कोणी ओळखत नाही. सणाला फार एकटं वाटते.

काहीतरी करून वाटीभर शेजारी नेऊन दे. मुंगवडीची भाजी दे, वड्या तळल्या तर त्या दे. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि शहरातली माणसंही बहुतेक हीच रीत पाळतात. परत येणाऱ्या वाटीत कधी सिंधी कढी येते, कधी बंगाली काकूंचं मोहरीचं वांगं, कधी तेलुगू घरातलं चिंचेचं पप्पू, म्हणजे वरण. नागपूरच्या एका मजल्यावर एवढं सगळं असू शकतं.

भाद्रपदात नागपूर-अमरावतीकडे ज्या घरी महालक्ष्म्या (गौरी) बसतात तिथे जेवायला बोलावणं येतं. सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पुरणपोळी, वर तुपाची धार. बोलावलं तर संकोच करू नको, त्या दिवशी माणसं जेवली की घरच्यांना बरं वाटतं. सकाळी लवकर जाऊन पानं पुसायला, वाढायला मदत कर. पुढच्या वर्षी तू त्या घरचाच होशील.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसांत आजूबाजूच्या रस्त्यांवर लोक मंडप टाकून येणाऱ्यांना फुकट जेवण देतात. आपल्या गावातून तिथे जाणारी माणसं हे अन्न पिढ्यांपासून जेवत आली आहेत. तू शहरात असशील तर एक दिवस वाढायला जा.

महिनाअखेर पैसे संपतात. दोन-चार दिवस बिस्किटांवरच काढतो.

असं करू नको, आणि हे घरापासून लपवू नको. भाजलेले फुटाणे, फल्लीदाणे, गूळ आणि केळी यांवर बिस्किटांपेक्षा स्वस्तात पोट भरतं. मूठभर तूर डाळ आणि वाटीभर तांदूळ यांची खिचडी दोन वेळा पुरते. राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली, १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. तुझ्या भागात केंद्र सुरू आहे का ते विचार. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही. जेवून झालं की भांडी घासायला हात लाव.

शहरात रानभाज्या भेटतात का?

नागपूरच्या आठवडी बाजारात भेटतात. पावसाळ्यात तरोटा आणि काटवल घेऊन खेड्यातल्या बाया बसतात, उन्हाळ्यात चिवळ दिसते. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे भाज्यांबरोबर त्या करायच्या पद्धतीही कळतात. ओळखता येत नसेल ती पाला-भाजी विकणारीला दोनदा विचारून घ्या. रस्त्याच्या कडेचा तरोटा खुडून आणू नका, गाड्यांचा धूर त्यावर बसलेला असतो.

पुण्याची मैत्रीण दिवाळीत गावी येते म्हणते. तिला काय खाऊ घालू?

दिवाळीत फराळ तिच्याही घरी असतो. तिला पौषात बोलाव. तेव्हा तुरीच्या शेंगा भरतात, सोलेवांगी होतात, सोलेभात होतो, रब्बी ज्वारी असेल तर हुरडाही मिळतो. सकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांची परात अंगणात ठेव आणि सगळे मिळून सोलत बसा.

एका दिवशी शेतात रोडगे कर. कणकेच्या गोळ्यात तेल लावून थरावर थर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची पातळ भाजी आणि वरण. वांग्याची भाजी तिच्या वाटणीची आधी काढून ठेव आणि मग बाकीच्यात तिखट घाल. गोवऱ्या आठ दिवस आधी उन्हात टाक, ओल्या राहिल्या तर नुसता धूर होतो आणि रोडगा आतून कच्चा राहतो.